परसातली वॉटल : बियांपासूनच्या नोंदी

३ सप्टेंबर २०२२

बी आलं. ओढ्याकाठच्या स्वयंसेवकांच्या नर्सरीतून तीन पुड्या आणल्या: गोल्डन वॉटल, गोल्ड डस्ट वॉटल आणि ब्लॅकवुड. तिन्ही अकेशिया (इथे त्यांना वॉटल म्हणतात), आपल्या बाभळीच्या गोतातल्या, तिन्ही मेलबर्नच्या पश्चिमेकडे मुळातच उगवणाऱ्या. पुडीवर शास्त्रीय नाव, बी कुठल्या टेकडीवरून किंवा ओढ्यावरून गोळा केलं ते, आणि महिना-वर्ष. आपल्याकडे जात्यावरच्या बायका 'हे ज्वारीचं बी कुठल्या गावचं' हे जसं सांगायच्या, तितकी माहिती त्या पुडीवर होती.

तयार रोप चार-पाच डॉलरला मिळतं; अरुंद, खोल, चौकोनी नळीत वाढवलेलं, वीतभर उंचीचं. तेव्हा पैसे वाचवायला मी बी पेरतेय असं नाही. माती, नळ्या आणि ट्रे यांचा हिशेब केला तर घरचं रोप महागच पडेल. मला बी ते फूल हा सगळा प्रवास बघायचाय, एवढंच. आणि रस्त्याकडेच्या झाडाच्या शेंगा ओरबाडून आणता येत नाहीत. व्हिक्टोरियात सरकारी जागेवरच्या इथल्या मूळच्या झाडांचं बी गोळा करायला परवाना लागतो.

नर्सरीतल्या बाईंना मी कूटामुंड्रा वॉटल मागितली होती. निळसर रुपेरी पानांची, बागांमधून सगळीकडे दिसते ती. त्यांनी मान हलवली. "ती ऑस्ट्रेलियाची आहे, इथली नाही." न्यू साउथ वेल्समधल्या एका छोट्या पट्ट्यातलं ते झाड व्हिक्टोरियात तण म्हणून मोजलं जातं. देश एवढा मोठा की एकाच देशातलं झाड त्याच देशात परकं ठरतं. अकेशियाच्या जवळपास हजार जाती इथे आहेत, त्यामुळे 'वॉटल लावली' म्हणणं म्हणजे 'गवत लावलं' म्हणण्याइतकंच मोघम.

जागेबद्दल: घर नव्या वसाहतीत. बिल्डरनं वर पसरलेली चार बोटं माती उकरली की खाली काळी चिकण माती आणि तिच्यात बेसॉल्टचे धोंडे. उन्हाळ्यात भेगा, हिवाळ्यात बुटाला ढेकळं. दख्खनच्या माणसाला या मातीची ओळख करून द्यायला नको. आपला बेसॉल्ट साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, इथला त्यामानानं अगदी ताजा, काही दशलक्ष वर्षांचा. पाऊस वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास; मात्र चार महिन्यांत कोसळून मोकळा होत नाही, बारा महिने थोडाथोडा येत राहतो.

१० सप्टेंबर २०२२

आज बी भिंगाखाली पाहिलं. गोल्डन वॉटलचं बी पाच-सहा मिलिमीटरचं, लांबट, काळं आणि इतकं गुळगुळीत की चिमटीतून निसटतं. एका टोकाला मळकट पांढरी, मांसल टोपी. ती मुंग्यांसाठी. मुंग्या बी वारुळात ओढून नेतात, टोपी खातात आणि बी टाकून देतात. जमिनीखाली योग्य खोलीवर फुकटात पेरणी. ब्लॅकवुडचं बी लहान, पण त्याच्याभोवती गुलाबी-लाल देठ दुमडून गुंडाळलेला असतो. मुंग्यांना रंगाशी काय देणंघेणं. तो रंग पक्ष्यांना बोलावण्यासाठी.

कवच पाणी आत घेत नाही. पुडीतलं बी मी आठवडाभर गार पाण्यात ठेवलं असतं तरी ते तसंच राहिलं असतं. मातीत असं बी कित्येक दशकं जिवंत पडून राहतं. वणवा वरून गेला की उष्णतेनं कवचावरचा एक बारीकसा उंचवटा उकलतो आणि तेवढ्या फटीतून पाणी शिरतं. म्हणून जळून काळ्या पडलेल्या रानात पुढच्या पावसाला वॉटलची रोपं दाटीनं उगवतात. बाभळीच्या बाबतीत हे काम शेळीचं पोट करतं. माझ्याकडे वणवा नाही, शेळी नाही, किटली आहे.

पाणी उकळलं, किटली बंद केली, बुडबुडे बसल्यावर बियांवर ओतलं. पाणी गॅसवर ठेवून त्यात बी उकळायचं नसतं, ते शिजतं. आता रात्रभर झाकून.

११ सप्टेंबर २०२२

निम्म्याहून जास्त बी फुगलं. फुगलेलं ओळखायला भिंग नको: आकार जवळपास दुप्पट, चकाकी गेलेली, नखानं दाबलं तर किंचित दबतं. न फुगलेल्यांना पुन्हा गरम पाणी. त्यातूनही जी राहतील त्यांची एका कडेची टवकी नेलकटरनं उडवायची, टोपीच्या विरुद्ध बाजूनं, कारण अंकुर टोपीकडे असतो.

मिश्रण: जाड वाळू, पेरणीची बारीक माती आणि मूठभर 'जुनी' माती. ही जुनी माती म्हणजे वाढलेल्या वॉटलखालची, नर्सरीनंच दिलेली. वॉटल शेंगवर्गीय, हरभरा-तुरीसारख्याच तिच्या मुळांना गाठी येतात आणि गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र बांधून देतात. शेतकरी पेरणीआधी बियाण्याला रायझोबियम चोळतो, तोच हा प्रकार, फक्त पाकीट विकत न घेता. खत अजिबात नाही. पुढेही घालायचं झालं तर इथल्या झाडांसाठी मिळणारं, कमी स्फुरदाचंच. इथली बरीच माती स्फुरदानं गरीब, आणि त्या गरिबीत घडलेल्या कित्येक जातींना आपलं नेहमीचं खत सोसत नाही.

नळीत दोन बिया, बियाच्या जाडीएवढीच खोल. वर खडीचा पातळ थर.

२६ सप्टेंबर २०२२

गोल्डन वॉटल वर आली. आधी एक पांढरट गळा वाकून वर येतो, मग मान सरळ होते आणि दोन जाड हिरवी दलं उघडतात. गोल्ड डस्ट तुरळक. ब्लॅकवुडचा पत्ता नाही.

१५ ऑक्टोबर २०२२

पाऊस थांबायला तयार नाही. काल मारिबर्नोंग नदी काठ सोडून लोकांच्या घरांत शिरली. इथे आमच्या भागात फक्त चिखल, पण ट्रे सतत ओले राहिले आणि रोपं कोलमडायला लागली. खोडाचा मातीलगतचा भाग बारीक, पाणचट होतो आणि रोप आडवं पडतं. वरची पानं मात्र हिरवीच असतात, म्हणून सुरुवातीला वाटतं पाण्याच्या थेंबानं वाकलं असेल. बुरशीचं काम. आडवी पडलेली रोपं मातीसकट काढून टाकली, ट्रे छपराखाली पण वाऱ्यात आणून विटांवर ठेवले, म्हणजे खालूनही हवा खेळेल. पाणी बंद. या अवस्थेत औषधापेक्षा वारा जास्त कामाचा.

ब्लॅकवुड उगवलं. सगळ्यात उशिरा आणि सगळ्यात दाट.

१३ नोव्हेंबर २०२२

गेले दोन आठवडे जे चाललंय ते बघायला मी रोज चहाचा कप घेऊन ट्रेपाशी उभी राहते. गोल्डन वॉटलचं पहिलं खरं पान साधं संयुक्त: मधल्या काडीच्या दोन बाजूंना पर्णिकांच्या जोड्या. दुसरं-तिसरं पान दुहेरी संयुक्त, थेट बाभळीचं किंवा लाजाळूचं. इथपर्यंत कुणीही शपथेवर बाभूळ म्हणेल.

मग देठ बदलायला लागतो. चौथ्या-पाचव्या पानाचा देठ चपटा, उभा, हिरवा, आणि त्याच्या टोकाशी पर्णिकांचा एक इवलासा झुबका शिल्लक. पुढच्या पानात देठ आणखी रुंद, झुबका आणखी लहान. त्याच्या पुढे झुबका नाहीच. उरतं ते कोयत्याच्या आकाराचं एक जाडसर 'पान', जे मुळात पान नाहीच, पसरलेला देठ आहे. मोठ्या झाडावर सगळी अशीच. खऱ्या पर्णिका उन्हात पाणी उडवतात. हा चिवट देठ कमी उडवतो आणि कडेनं उभा राहून दुपारचं ऊन अंगावर कमी घेतो. कोट्यवधी वर्षांत देश कोरडा होत गेला त्याची हकिगत माझ्या वीतभर रोपात खालून वर वाचता येते.

ब्लॅकवुडला ही घाई नाही. ते कित्येक महिने दोन्ही प्रकारची पानं एकाच फांदीवर बाळगून असतं.

एका नळीत दोन उगवली होती तिथे दुबळं रोप कात्रीनं मातीलगत कापलं. उपटलं तर शेजारच्याची मुळं हलतात.

४ जानेवारी २०२३

बाबा आलेत. आल्याआल्या ट्रेवर वाकून म्हणाले, "बाभळी कशाला लावल्यास गं? काटे कुठं गेले हिचे?"

"बाबा, हिला काटे नसतात."

"मग कुंपणाला काय उपयोग?"

त्यांना नावाची भानगड सांगितली. अकेशिया हे नाव मूळचं आफ्रिका-आशियातल्या काटेरी बाभळींचं. वंश फार मोठा आणि मिश्र आहे, फोडायला हवा, यावर वनस्पतिशास्त्रज्ञांचं एकमत झालं, पण नाव कुणाकडे राहणार यावर जुंपली. २००५ साली व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत नाव ऑस्ट्रेलियाच्या झाडांकडे गेलं आणि २०११ साली मेलबर्नच्या परिषदेत त्यावर शिक्कामोर्तब झालं. आपली बाभूळ आता व्हॅचेलिया, खैर सेनेगॅलिया. बाबांचं मत: "संख्या त्यांची जास्त, परिषदही त्यांच्याच गावात. निकाल दुसरा काय लागणार?" (जातींची संख्या हे खरंच एक कारण होतं. हजार नावं बदलण्यापेक्षा थोडी बदललेली बरी.)

झाडांची देवाणघेवाण मात्र दोन्हीकडून झाली आहे आणि दोन्हीकडे अंगाशी आली आहे. आपली बाभूळ क्वीन्सलंडच्या गवताळ मैदानांत सावलीसाठी लावली, ती आज इथल्या राष्ट्रीय पातळीवरच्या तणांच्या यादीत आहे. इथली ब्लॅक वॉटल निलगिरीत आणि पळणीच्या डोंगरात सालीतल्या टॅनिनसाठी लावली, तिनं तिथली शोला जंगलांच्या काठची गवताळ कुरणं गिळली. कोकणात सामाजिक वनीकरणानं लावलेली 'ऑस्ट्रेलियन बाभूळ' तर बाबांनी स्वतः पाहिलेली. साल, डिंक, टॅनिन, जळण हे सगळे उपयोग दोन्ही बहिणींचे सारखे. वॉटलचा डिंक इथले आदिवासी खात आले आहेत, काही जातींचं बी भाजून दळतातही. डिंकाचे लाडू करून बघू का, असं आईनं फोनवर विचारलं. अजून झाडाला खोड तर येऊ दे.

एक नळी तिरकी करून रोप हलकेच सरकवून काढलं. मुळं नळीच्या तळाशी पोचली आहेत आणि पांढऱ्या मुळांवर गाठी दिसतात, मोहरीच्या आसपासच्या. बाबांनी एक नखानं फोडली. आतून गुलाबी. "चालू आहे म्हणजे," म्हणाले. सोयाबीनच्या गाठी अशाच फोडून बघतात.

मार्च २०२३

ट्रे छपराखालून उघड्यावर. पाणी एक दिवसाआड. बाकी काही नाही.

२० मे २०२३

लावणी. इथे झाडं उन्हाळ्यात लावत नाहीत. शरदात पाऊस सुरू होऊन माती ओली झाली आणि अजून थोडी ऊब आहे, अशा वेळी लावली की हिवाळाभर मुळं खाली जातात आणि पहिल्या उन्हाळ्याला तोंड द्यायची तयारी होते. मराठी मनाला लावणी म्हटलं की मृगाचं नक्षत्र लागतं. इथे योगायोगानं तारीख त्याच्या जवळच येते, ऋतू मात्र उलटा.

खड्डे खणताना पहारीनं दोन ठिकाणी धोंडा लागला. तिथे खड्डा हातभर बाजूला घेतला. बेसॉल्टशी भांडून वेळ जातो. चिकण मातीत एक गोष्ट बघावी लागते: कुदळीनं खड्ड्याच्या भिंती घोटल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि मुळं त्या भिंतीला धडकून आतल्या आतच गोल फिरतात. म्हणून भिंती काट्यानं ओरबाडल्या. खड्ड्यात बाहेरची भुसभुशीत माती किंवा शेणखत घातलं नाही. घातलं असतं तर खड्डा म्हणजे काळ्या मातीतली एक कुंडी झाली असती, पावसात पाण्यानं भरलेली. जी माती निघाली तीच परत. रोपाचा गळा जमिनीच्या पातळीला, एक बादली पाणी हवा निघण्यापुरतं, वर लाकडी ढलप्यांचं आच्छादन, खोडापासून चार बोटं दूर.

काठी लावली नाही. बाबांना फोटो पाठवला तर पहिला प्रश्न तोच: "आधार कुठंय?" वाऱ्यानं हललं तरच खोड जाड होतं, मूळ पसरतं, बांधलेलं रोप उंच होतं आणि दोरी सोडली की झुकतं. भोवती तीन काड्यांवर प्लास्टिकचं नळकांडं आहे, ते आधारासाठी नाही, सशांसाठी. ससे इथले नव्हेत. १८५९ साली विंचेल्सीजवळच्या आपल्या जमिनीत थॉमस ऑस्टिननं शिकारीसाठी काही जंगली ससे सोडले. विंचेल्सी याच ज्वालामुखी मैदानावर, आमच्या घरापासून गाडीनं तासाभराच्या अंतरावर. त्या हौसेचं भाडं माझ्या प्रत्येक रोपामागे प्लास्टिकच्या रूपानं मी भरते आहे.

गोल्डन वॉटल मागच्या कुंपणाला एका ओळीत, पण सरळ नाही. एकच लावून भागत नाही. हिचं फूल स्वतःच्या परागानं फळत नाही, शेंगा हव्या तर वेगळ्या बियांची झाडं शेजारी हवीत. गोल्ड डस्ट पुढे, ती कमरेएवढी झुडपंच राहते. ब्लॅकवुड एकच, छपराचं पाणी उतरतं त्या सखल कोपऱ्यात. ते ओढ्याकाठचं झाड, शंभर वर्षं सहज जगणारं. या लहानशा प्लॉटवर ते लावणं शहाणपणाचं नाही हे मला माहीत आहे. लावलं.

१९ ऑगस्ट २०२३

हिवाळा संपत आला. रोपं होती तेवढीच. वर काही दिसत नाही तेव्हा खाली काम चालू असतं असं सगळे सांगतात. उकरून बघायचा मोह होतो. तण काढलं.

शहरभर सिल्व्हर वॉटल फुललेल्या आहेत. मेलबर्नच्या परिसरातल्या मूळच्या वुरुन्जेरी लोकांच्या वोइवुरुंग भाषेत तिचं नाव मुयान. त्यांचा नेता विल्यम बराक वॉटल फुलेल तेव्हा मी जाईन असं म्हणाला होता अशी आठवण सांगतात. तो गेला ऑगस्ट १९०३ मध्ये, कोरँडर्कच्या आदिवासी वसाहतीत.

२८ डिसेंबर २०२३

ऑक्टोबरपासून गोल्डन वॉटलनं जी झेप घेतली ती थांबायला तयार नाही. लावलं तेव्हा वीतभर होतं, आता माझ्या खांद्याला लागतंय. झाडं वाढवणं म्हणजे धीराचं काम असं ज्यांना वाटतं त्यांनी वॉटल लावावी. ती वाढायला मुळीच वेळ लावत नाही. उजाड जमिनीवर आधी यायचं, भराभर वाढायचं, नत्र मुरवायचा, सावली करायची आणि दहा-पंधरा वर्षांत आटोपायचं, असा तिचा खाक्या. धीर लागतो तो हात आवरायला. दुपारी चाळीस अंशाला पोचलं की पाइप घेऊन धावावंसं वाटतं. रोज शिंपडलं तर मुळं वरच्या चार बोटांत राहतात. त्यामुळे दोन-तीन आठवड्यांतून एकदा, रात्री, बुंध्यापासून लांब, भरपूर. गोल्ड डस्टला तेवढंही नाही. कोपऱ्यातल्या ब्लॅकवुडची शेंड्याची पानं करपली, त्याला दिलं.

शेजारच्या काकांनी कुंपणावरून विचारलं, या झाडांनी त्यांची परागाची सर्दी वाढणार का. वॉटलचे परागकण गठ्ठ्यानं चिकटलेले, जड असतात, फार लांब जात नाहीत. मेलबर्नची खरी खलनायिका म्हणजे रायग्रास नावाचं गवत. २१ नोव्हेंबर २०१६ च्या वादळात तिच्याच परागांनी हजारो लोकांना दम्याचा झटका आला, दहाजण गेले. काकांना पटलं असं चेहऱ्यावरून वाटलं नाही. वॉटल पिवळी, डोळ्यांत भरणारी, त्याच दिवसांत फुलणारी. आळ तिच्यावर येतो.

१४ फेब्रुवारी २०२४

काल दुपारी उत्तरेचा भट्टीसारखा वारा, मग अचानक दिशा बदलून वादळ. आमच्यापासून फार लांब नसलेल्या अनाकीला विजेच्या मोठ्या वाहिनीचे मनोरे आडवे झाले. राज्यात पाच लाखांहून जास्त घरांची वीज गेली, आमचीही. आज सकाळी उजाडल्यावर परस पाहिलं.

कुंपणाकडची सगळ्यात उंच गोल्डन वॉटल कलली होती, मुळाशी एका बाजूला जमीन फाटलेली. बाकीच्या झोडपलेल्या पण उभ्या. कललेलीला ओढून सरळ केलं नाही. तसं केलं तर उरलेली मुळंही तुटतात. वरचा तिसरा हिस्सा छाटून वजन कमी केलं, फाटीत माती दाबली, पाणी सोडलं. ती आता तिरकीच वाढेल. वाढू दे.

१ सप्टेंबर २०२४

आज वॉटल डे. १ सप्टेंबर १९१० ला सिडनी, मेलबर्न आणि अ‍ॅडलेडमध्ये तो पहिल्यांदा एकाच दिवशी साजरा झाला. गोल्डन वॉटल अधिकृत राष्ट्रीय पुष्प झाली ती १९८८ साली, आणि हा दिवस देशभरासाठी १९९२ साली ठरला. क्रिकेट संघाच्या हिरव्या-सोनेरी रंगाचं मूळ बहुतेक भारतीयांना ठाऊक नसतं. ते इथे आहे, माझ्या कुंपणाला. फक्त माझ्या कुंपणाला आज ना हिरव्यात सोनेरी ना काही. जूनमध्ये शेंड्यांना कळ्या दिसल्या होत्या, बऱ्याचशा गळल्या.

फुलली ती गोल्ड डस्ट. कमरेएवढ्या झुडपावर नखाएवढी पानं आणि तेवढेच पिवळे गोळे, काडी दिसेनाशी झालेली.

एका फांदीवर तपकिरी, लाकडी गाठी आल्या आहेत. गंजरोगाची बुरशी असावी असं वाटून कापली. आत अळीच्या कोठड्या निघाल्या. म्हणजे गांधीलमाशीच्या जातीतल्या एका बारीक कीटकाची करामत. मादी कळीत अंडी घालते, कळीचं फूल न होता गाठ होते. दक्षिण आफ्रिकेत गोल्डन वॉटल माजली तेव्हा हाच कीटक इथून मुद्दाम नेऊन सोडला. तिथला रक्षक, इथला उपद्रव. गाठीच्या फांद्या कापून कचऱ्यात टाकल्या, परसात ठेवल्या नाहीत.

२४ मे २०२५

कोरडं वर्ष. राज्याच्या पश्चिमेला पाऊसच नाही, शेतकऱ्यांना चारा बाहेरून आणावा लागतोय. माझ्या झाडांना एप्रिलमध्ये एकदा पाणी दिलं.

आणि तरी कळ्या. प्रत्येक नव्या शेंड्याला. गोल्डन वॉटल वर्षभर कळ्या धरते, पण नोव्हेंबर ते मे या काळात धरलेल्याच पुढे उमलतात. म्हणून आता कात्री ड्रॉवरमध्ये. घरात कुंपणावरून लोंबणारी फांदी छाटायची मागणी आहे. ऑक्टोबरपर्यंत तिच्याखालून वाकून जावं.

पिवळ्या शेपटीचे काळे काकाकुवा परवा सकाळी आले, तिरक्या झाडावर उतरले. खोडात पोखरणारी अळी असली तर ते चोचीनं लाकडाच्या चिरफळ्या काढून तिला बाहेर ओढतात. एकानं बुंध्याला कान लावल्यासारखं डोकं टेकवलं, एक टवका काढला आणि उडून गेला. अळी नसावी, किंवा अजून बारीक असावी. तो परत येईल तेव्हा कळेल.

१७ ऑगस्ट २०२५

फुलली.

आठवड्यापूर्वी गोळे घट्ट, पोपटी होते. मग एकेका गोळ्याची एक बाजू पिवळी, आणि दोन उबदार दिवसांत पूर्ण घोस. एक गोळा तळहातावर घेऊन सुईच्या टोकानं उलगडला. तो एक गोळा म्हणजे एक फूल नव्हेच: चाळीस ते शंभर अगदी चिमुकली फुलं एकत्र, पाकळ्या जवळजवळ नाहीत, जे पिवळं दिसतं ते सगळे पुंकेसर. वास मधाकडे झुकणारा, पण धुळकट. दुपारी उन्हात जास्त येतो.

फुलात मध नाही. मध आहे पानावर. देठ झालेल्या त्या पानाच्या बुडाशी, वरच्या कडेला, एक बारीक खळगा आहे. त्यात थेंब चमकतो. आज सकाळी त्याच थेंबासाठी चष्मेवाल्यासारखे दिसणारे इथले सिल्व्हरआय आले. पक्षी चोच खळग्याला लावतो, त्या वेळी त्याचं कपाळ आणि छाती शेजारच्या घोसावर घासते. मग तोच पक्षी पुढच्या झाडावर. फूल काही देत नाही, पान देतं, आणि काम फुलाचं होतं. मी खिडकीतून बघत होते, तिरक्या झाडापासून तिसऱ्या झाडापर्यंत त्यांनी ओळ धरली. कपाळ पिवळं झालेलं दुर्बिणीतून स्पष्ट दिसत होतं.

बाबांना व्हिडिओ कॉल केला. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "बाभळीलाही असाच पिवळा गोंडा येतो. कुणी बघत नाही."

११ ऑक्टोबर २०२५

बहर ओसरला. लांबलेल्या फांद्या तिसऱ्या हिश्शानं छाटल्या, हिरव्या लाकडापर्यंतच. जुन्या, बिनपानाच्या लाकडात कापलं तर तिथून सहसा फुटत नाही. कुंपणावरची फांदी गेली, घरात शांतता. जिथे शेंगा धरल्यात त्या फांद्या ठेवल्या. आत्ता त्या चपट्या, मऊ, हिरव्या पट्ट्या आहेत, उजेडात धरल्या की आतल्या बियांच्या जागा दिसतात. पिकायला डिसेंबर उजाडेल. तडकायच्या आधी कागदी पिशव्या बांधायला हव्यात, नाहीतर सगळं मुंग्यांच्या घरी.

गाठी या वर्षी कमी. तिरक्या झाडाच्या बुंध्याला, काकाकुव्यानं टवका काढला होता तिथे, डिंक आलाय; पिवळसर-लालसर, अर्धा वाळलेला. आईला फोटो पाठवला. लाडवांना पुरणार नाही.

ब्लॅकवुड आता छपराच्या पन्हळीपर्यंत. तरी खालच्या दोन फांद्यांवर अजून बाळपणीची पर्णिकांची पानं आहेत. पुढच्या हिवाळ्यात ते इथून हलवता येणार नाही, सोटमूळ खोल गेलं असणार. घरमालक आम्हीच आहोत, तेव्हा पन्हळ सरकवायची की झाडाचा शेंडा मारायचा एवढाच निर्णय राहिलाय. प्लंबरला फोन केलाय.